टेक्सासचे मतदारसंघ मध्येच कसे काय बदलले? कोणीतरी नीट सांगा

पाहुणी_ऑस्टिनची:
मंडळी, गेल्याच वर्षी सिटिझन झाले, आता मार्च २०२६ मध्ये पहिल्यांदा प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) मत देणार. तर आता कळतंय की आमचा काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकन संसदेचा) मतदारसंघच बदललाय, घर तेच, गल्ली तीच. जनगणना तर २०२० ला झाली, २०२१ मध्ये नकाशा झाला, मग २०२५ ला परत कशाला? आणि कोर्टाने अडवला होता ना तो?

जुना_टेक्सासवाला:
ताई, दहा वर्षांतून एकदाच नकाशा करायचा असा काही कायदा नाहीये. २००३ मध्ये टॉम डिले वगैरे रिपब्लिकन नेत्यांनी हेच केलं, तेव्हा डेमोक्रॅट आमदार कोरम (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) मोडायला शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात पळाले होते, आणि २००६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं मध्येच बदलायला हरकत नाही (एक मतदारसंघ मात्र परत आखायला लावला). आता ट्रम्पना टेक्सासमधून ५ सीट जास्त हव्या होत्या, ३८ पैकी २५ रिपब्लिकनांकडे होत्या त्या ३० करायच्या. यावेळी ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट आमदार इलिनॉय राज्यात गेले, १५० च्या सभागृहात १०० हजर लागतात म्हणून, गैरहजरांना रोज ५०० डॉलर दंड. दोन आठवड्यांत परत आले आणि बिल पास झालं.

ऑस्टिनचं म्हणाल तर आधी इथे दोन डेमोक्रॅट खासदार होते, डॉगेट (३७ नंबर) आणि कसार (३५ नंबर). आता ३५ नंबरचा मतदारसंघ उचलून सॅन अँटोनियोकडे नेला, शहराचा मधला भाग ३७ मध्ये कोंबला आणि बाकी ट्रॅव्हिस काउंटी (ऑस्टिनचा जिल्हा) फोडून रिपब्लिकन मतदारसंघांना वाटून टाकली. कसार ३७ मधून उभे राहतायत, डॉगेट यावेळी उभे राहत नाहीयेत.

तिरकस_वकील:
कोर्टाचा भाग मजेशीर आहे. २०१९ पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की पक्षाच्या फायद्यासाठी रेषा ओढल्या तर फेडरल कोर्ट त्यात पडणार नाही, पण वंश बघून ओढल्या तर पडणार. टेक्सासमध्ये काळे लोक बहुतांशी डेमोक्रॅट, म्हणजे रेषा एकच आणि भांडण हेतूचं! टेक्सास सरकार कोर्टात छातीठोकपणे म्हणतं आम्ही फक्त पक्षपात केला. पण जस्टिस डिपार्टमेंटच्या (केंद्राचं न्याय खातं) जुलैतल्या पत्रात वंशाचाच विषय होता, त्यावरून एल पासोच्या तीन जजांच्या बेंचने १८ नोव्हेंबरला २-१ ने नकाशा थांबवला, निकाल लिहिणारे जज ट्रम्पनीच नेमलेले. ४ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे २०२६ ला नवाच नकाशा.

फ्रिस्को_काका:
सगळं एकाच बाजूचं चाललंय. पळून गेले ते इलिनॉयला, तिथला डेमोक्रॅटांनी केलेला नकाशा बघा जरा!! आणि कॅलिफोर्नियाने काय केलं, स्वतंत्र कमिशन होतं ते बाजूला ठेवून नोव्हेंबरमध्ये प्रॉप ५० (नव्या नकाशासाठी लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव) पास केलं, ५ सीटसाठीच.

तिरकस_वकील:
काका, इलिनॉय मान्य. पण कॅलिफोर्नियात निदान लोकांना विचारलं, टेक्सासमध्ये विचारलं का? भारतात परिसीमन आयोग (मतदारसंघ आखणारा) असतो, निवृत्त जज अध्यक्ष, इथे ज्यांना निवडून यायचंय तेच रेषा आखणार.

फ्रिस्को_काका:
आयोगाचं कौतुक राहू द्या, त्याच्या आदेशाला कोर्टात सहजासहजी आव्हानही देता येत नाही हे पण सांगा की. असो. मला तरी वाटतं हा टेक्सासचा नकाशा आम्हा रिपब्लिकनांवरच उलटू शकतो. दक्षिणेतले २८ आणि ३४ हे २०२४ ला हिस्पॅनिक मतं ट्रम्पकडे आली त्या भरवशावर आखलेत, ती टिकतील याची गॅरंटी कोण देणार.

पाहुणी_ऑस्टिनची:
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. आमचा पत्ता नवीन नकाशात पक्का रिपब्लिकन दिसतोय. मग मत देऊन उपयोग काय?

जुना_टेक्सासवाला:
म्हणूनच ३ मार्चची प्रायमरी सोडू नका. पक्क्या मतदारसंघात खरी निवडणूक तीच असते. टेक्सासमध्ये पक्षाची नोंदणी नसते, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, फक्त रनऑफ (कोणालाच बहुमत नसेल तर दुसरी फेरी) झाला तर दुसऱ्या पक्षाकडे उडी मारता येत नाही. मतदार नोंदणी ३० दिवस आधी झालेली लागते, आणि फॉर्म भरून सही करून पोस्टाने पाठवा किंवा नेऊन द्या. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून नवा नंबर बघून ठेवा, जुन्या कार्डावर विसंबू नका.