मित्राच्या व्हीलचेअरच्या गाडीसाठी वर्गणी मागावी का?

सिंहगडरोडकर (धागा):

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली आहे. बाहेरच्यांचं मत हवंय म्हणून इथे टाकतोय.

आमच्यातल्या एकाला अपघातात मानेच्या मणक्याला मार बसला. छातीखाली संवेदना नाही, खांदे चालतात, पण बोटांत पकड नाही. त्यामुळे हातानेच ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर वापरायची गाडी त्याला चालवता येणार नाही. बॅटरीवरची व्हीलचेअर आहे, ती घडी होत नाही. नोकरी टिकवली आहे पठ्ठ्याने, घरून काम करत होता. आता कंपनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावते. घर पुण्यात सिंहगड रोडला, ऑफिस खराडीला. दोन्ही टोकांना मेट्रो नाही.

त्याला हवी आहे ती मागून रॅम्प लावलेली गाडी, म्हणजे खुर्चीसकट आत. मारुतीची ईको व्हॅन घेऊन मागचा भाग बदलून घ्यायचा, तर आम्हाला सांगितलेला आकडा सगळा मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जातो. निम्मे तो स्वतः कर्जाने उभे करतोय. उरलेल्यासाठी वर्गणी काढू म्हटलं तर निम्मा ग्रुप गप्प. एकाने स्पष्टच लिहिलं, "ऑपरेशन असतं तर डोळे झाकून दिले असते. गाडीला कसे द्यायचे?"

माझं मत: गाडीलाच द्यावेत. ऑपरेशन एकदा होऊन जातं. घरातून बाहेर पडणं रोजचं आहे.

---

पेठेतला_काका:

राग मानू नका, पण तुमचा मित्र बरोबर बोलला. कमावता माणूस आहे, कर्ज मिळतंय, तर छोटी गाडी घ्यावी आणि कर्ज फेडावं. आम्ही चार माणसांचं कुटुंब कित्येक वर्षं एका स्कूटरवर ओढलं, कुणापुढे हात पसरला नाही. आठवड्यातून तीनच दिवस जायचंय ना? कॅब करा. साडेआठ लाखांत किती वर्षं कॅब होईल, हिशेब मांडा.

---

सिंहगडरोडकर:

काका, कॅबचा हिशेब मांडला होता. पैशांत बसतो, डिकीत बसत नाही. पुण्यातल्या बहुतेक कॅबच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. साधी घडीची खुर्चीसुद्धा तिथे मावत नाही, ही तर मोटर आणि बॅटरीवाली. ड्रायव्हर गेटपाशी येतो, खुर्ची बघतो आणि ट्रिप रद्द करतो. कुणी थांबलाच तर ह्याला उचलून सीटवर ठेवायला दोन दणकट माणसं लागतात, एक काखेखाली धरून, एक गुडघ्यांखाली. जरा घसटलं तरी त्याला कळत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर आईला जखम दिसते, आणि तशी जखम भरायला महिने जातात.

---

चाकावरची:

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे आणि माझं मत वर्गणीच्या विरोधात आहे. काकांच्या कारणासाठी नाही.

मला बाजूची चाकं लावलेली स्कूटर घ्यायला नात्यागोत्यातल्यांनी आणि सोसायटीने मिळून पैसे दिले होते. मनापासून दिले, नाही म्हणत नाही. पण पुढच्या दिवाळीला मी नवीन फोन घेतला तर खालच्या मजल्यावरच्या काकू हसत हसत म्हणाल्या, "अगंबाई, आता बरं चाललंय वाटतं!" मी पार्लरला गेले तरी स्कूटर कुठे उभी आहे हे लोकांना दिसायचं. दान घेतलेल्या माणसाने फक्त दवाखान्यात आणि ऑफिसात जावं अशी अपेक्षा असते. तुमचा मित्र त्या गाडीतून एखाद्या रात्री कल्याणीनगरला बिअर प्यायला गेला तर ग्रुपला चालेल का? आधी ते विचारा.

दुसरं, गाडी चालवणार कोण? तो चालवू शकत नाही म्हणताय. म्हणजे ड्रायव्हर आला. वर्गणी एकदाच, पगार दर महिन्याला.

---

निमसरकारी:

मूळ प्रश्नालाच बगल दिली जातेय. 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 2015 पासून सुगम्य भारत अभियान आहे (सुगम्य म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येईल असं). 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा, आणि त्याला तीन महिन्यांची मुदत दिली. आपल्या राज्यात महापालिकांनी उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुम्ही खिशातून गाडी घेऊन दिलीत की महापालिका सुटली, कंपनीही सुटली. 2016च्याच कायद्यात नोकरीच्या ठिकाणी वाजवी सोयीसुविधा देण्याचं तत्त्व आहे. तेवढ्याच ताकदीने कंपनीच्या एचआरला पत्र लिहा की, घरून काम करू द्या नाहीतर गाडी पाठवा.

---

सिंहगडरोडकर:

पत्र गेलंय. "विचाराधीन" असं उत्तर आलंय. मुद्दा शंभर टक्के मान्य, पण लढा त्याचा आणि सोमवारही त्याचाच. बसला रॅम्प असून बस फुटपाथपासून दोन हात लांब उभी राहते, तो रॅम्प टेकवायचा कुठे? कायदा अमलात येईपर्यंत त्याने रजेवर बसायचं का?

---

टेम्स_काठी:

इथे ब्रिटनमध्ये 1977 पासून मोटॅबिलिटी नावाची योजना आहे. अपंगत्वाच्या भत्त्यातला प्रवासाचा वरच्या दराचा भाग सोडायचा, त्या बदल्यात गाडी भाडेकराराने मिळते. रॅम्पवालीसुद्धा. मित्रांपुढे विषयच काढावा लागत नाही. अर्थात "चैन करतात लेकाचे" म्हणणारे काका इथेही आहेत.

---

पेठेतला_काका:

चैन हा शब्द मी वापरलेला नाही. आणि गोऱ्यांचं कौतुक पुरे.

---

ताळेबंद:

भावनांवर पुरेसं बोलून झालंय, थोडं कराचंही बघा. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमा मिळून 50 हजारांच्या वर गेल्या, तर वरचेच नव्हे, सगळेच पैसे घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात. मित्र कायद्याने नातेवाईक नव्हे. पगारदार माणूस आहे, म्हणजे चार लाख जमवून त्याच्या खात्यात टाकलेत तर त्यावर तो कर भरत बसेल. देणाऱ्यांनाही वजावट नाही, ती फक्त करवजावटीची मान्यता (तिला 80जी म्हणतात) असलेल्या संस्थेला दिल्यावर मिळते.

दोन वाटा आहेत. आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत मदत करा, किंवा बिनव्याजी कर्ज द्या. कर्ज दिलंत तर बँकेतून द्या, 20 हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घेता येत नाही. आणि खरंच कर्ज असू दे. "परत नको रे" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवू नका.

---

पाना_पक्कड:

पैशांच्या आधी गाडी बघा. अशी कामं जवळून पाहिली आहेत म्हणून सांगतो.

बॅटरीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं बरंच वर येतं. ईकोची जमीन खाली घेतली नाही तर दारातून जाताना मान मोडावी लागते आणि आत गेल्यावर खड्ड्याखड्ड्याला डोकं टपाला आपटतं. खुर्ची जमिनीला चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळलेली हवी आणि माणसाचा सीटबेल्ट वेगळा हवा. काही ठिकाणी पट्टा फक्त खुर्चीला लावून देतात. ब्रेक दाबला की खुर्ची जागेवर, माणूस पुढे. रॅम्पचा चढ फार उभा असेल तर खुर्ची मागे कलंडते, हेही तिथे उभं राहून बघा.

गाडीतल्या बदलांना आरटीओची मंजुरी लागतेच. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्याची सोय झाली आहे, पण त्यातली व्याख्या नीट वाचा: गाडी फक्त त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची. भावाला कोकणात न्यायला नाही. आरसी बुकात नोंद झाली की विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर 50 टक्के सवलत मागता येते. जीएसटीच्या सवलतीवर मात्र विसंबू नका. आधी दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर छोटी गाडी 28ऐवजी 18 टक्क्यांत मिळायची, 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्या सगळ्यांनाच 18 टक्क्यांत आहेत. फायदा उरला नाही.

आणि हो, बाहेर वळणाऱ्या सीटचा किट आता वॅगनआरला मिळतो. पण त्यात खुर्चीवरून सीटवर सरकावं लागतंच. याच्या कामाचा नाही.

---

खडकवासला:

मद्रास आयआयटीतून निघालेल्या कंपनीची निओबोल्ट बघितलीत का? खुर्चीला पुढून जोडायची मोटर. 2021 मध्ये आली तेव्हा खुर्ची आणि मोटर मिळून लाखाच्या आत होती.

---

चाकावरची:

चांगली वस्तू आहे, मला घ्यायची आहे. पण तिचा वेग ताशी 25 पर्यंत. आणि हँडल धरायला बोटं लागतात, जी त्याच्याकडे नाहीत. सिंहगड रोड ते खराडी, मे महिन्यात, डंपरच्या शेजारून. तुम्ही एकदा सायकलवर जाऊन या.

सिंहगडरोडकर, एक विचारते. या सगळ्यात तो स्वतः काय म्हणतो? तुमच्या ग्रुपमध्ये तो आहे की त्याला वगळून वेगळा ग्रुप केलाय?

---

सिंहगडरोडकर:

वगळून केला होता. एकाने स्क्रीनशॉट पाठवला, मग त्याने स्वतःहून आत घ्यायला लावलं. त्याच्या अटी त्यानेच लिहिल्या आहेत: व्हिडिओ नाही, आईचा रडका फोटो नाही, क्राउडफंडिंगच्या साइटवर नाव नाही. गाडी त्याच्या नावावर. कोण किती देतंय हे फक्त त्याला कळणार. आणि शेवटची ओळ जशीच्या तशी: "गाडीतून मी कुठे जातो हे विचारणाऱ्याचे पैसे परत."

ताळेबंद म्हणतात ते बिनव्याजी कर्जाचं त्याला पटलंय. रविवारी खुर्चीसकट चाकणजवळ एक तयार गाडी बघायला जातोय, टेप घेऊन. पाना_पक्कड, वेळ असेल तर या.

---

पाना_पक्कड:

येतो. दाराची उंची मोजताना त्याला खुर्चीत बसवूनच मोजा, रिकाम्या खुर्चीची नको.

---

पेठेतला_काका:

कर्ज असेल तर माझे वीस हजार धरा. बँकेतून देईन, कागद करा. दान म्हणून रुपया देणार नाही, ते मत कायम.

---

चाकावरची:

काका, याला म्हणतात मदत. पण ड्रायव्हरच्या पगाराचं अजून कुणीच लिहिलेलं नाही.