नाटक, स्काउट, दोन प्रवास आणि गळकं छत: 2026 कसं बसवायचं?

घोडबंदरकर

ठाण्यात घोडबंदर रोडला, सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर घर. जूनपासून मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. मुलगा शाळेच्या स्काउट पथकात आहे, द्वितीय सोपान (स्काउटची एक पायरी) झालाय. मुलीला दहा पूर्ण झालीत, तिचं गाइडमध्ये नाव घालायचंय. दोघंही सोसायटीच्या बालनाट्यात आहेत: 50 मिनिटांचं नाटक, 14 मुलं, प्रयोग डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नेपथ्य पालकांनीच करायचं. गणपतीला सावंतवाडी आणि भाऊबीजेनंतर पचमढी असे दोन प्रवास आहेत.

शिवाय बेडरूमच्या छताला ओल आहे आणि पोपडे निघताहेत. गच्चीचं काम आणि आतला रंग दोन्ही यंदाच करायचं आहे. कुठलं काम कधी घ्यावं? रंग मे महिन्यातच उरकला तर चालेल का? आणि नेपथ्याचे फ्लॅट (कापड ताणलेल्या लाकडी चौकटी) घरी बनवता येतात का?

वाटा_आणि_उतार

आधी गच्ची. बाकी सगळं पुढेमागे सरकेल, पाऊस सरकणार नाही. मुंबई-ठाण्याकडे मान्सूनची सरासरी तारीख 11 जून धरतात, पण वळवाच्या सरी मे अखेरीसच गाठतात. म्हणून काम 15 मेपर्यंत संपेल असं धरा.

गच्ची तुमची नाही, सोसायटीची आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताच्या गिलाव्याचं झालेलं नुकसान यांचा खर्च सोसायटीकडे येतो. आजच लेखी अर्ज द्या, छताचे तारखेसकट फोटो जोडा, पोच घ्या. स्वतःच्या पैशाने गच्चीवर परस्पर गडी चढवला की पुढची प्रत्येक गळती तुमच्या नावावर लागते.

काम ठरल्यावर आधी गळतीची जागा शोधा. पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 48 ते 72 तास साठवा आणि खाली छतावरच्या ओलीच्या कडेला दर बारा तासांनी खडूने रेघ मारा. रेघ सरकली नाही तर दोष गच्चीत नसून कठड्यात, बाहेरच्या भिंतीत किंवा पाइपात आहे. ही चाचणी न करता सगळ्या गच्चीवर डबे ओतणारे कंत्राटदार पुष्कळ.

मग हातोडीने ठोकत कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) तपासायचा. पोकळ आवाज येईल तिथला कोबा काढून नवा भरायचा. भेगा नुसत्या लिंपू नका. ग्राइंडरने व्ही आकारात 10-12 मिमी खोल कापून, धूळ काढून पॉलिमर मॉर्टर भरा. कठडा आणि गच्चीची फरशी मिळते त्या कोपऱ्यात 2-3 इंचांचा गोल वाटा (सिमेंटची गोलाई) हवाच, कारण काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन तिथेच फाटतं. गच्चीचा उतार पाइपाकडे 1:100 तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. पाणी साचून राहणाऱ्या जागी महागडं कोटिंगही दोन-तीन पावसाळ्यांत उलतं.

कोटिंग सकाळी लवकर. मेच्या दुपारी तापलेल्या गच्चीवर मारलं तर वरून सुकतं, आत पाणी अडकतं आणि फोड येतात. पहिल्या हातात, ओला असतानाच, फायबर जाळी दाबून बसवा, विशेषतः वाट्यावर आणि पाइपाच्या तोंडाशी. दुसरा हात पहिल्याला आडवा. सात दिवस सुकू द्या, मग पुन्हा पाणी साठवून बघा. ही दुसरी चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आतल्या छतातून गंजलेली सळई दिसत असेल तर तिथे पुट्टी हा उपाय नाही. सैल काँक्रीट झाडून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरावं लागतं. ते रंगाऱ्याच्या हाती देऊ नका.

फलाट_सात

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता (1 नोव्हेंबर 2024 पासून, आधी 120 होते). गणेश चतुर्थी यंदा 14 सप्टेंबरला, सोमवारी. शनिवारी 12 ला निघायचं तर बुकिंग 14 जुलैला सकाळी 8 वाजता. 20 सप्टेंबरच्या परतीचं 22 जुलैला.

सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री 00:05 ला सुटते. म्हणजे शुक्रवारी 11 तारखेला रात्री घरी जेवून निघायचं तर तिकीट 12 तारखेचं काढायचं. दरवर्षी काही मंडळी 11 चं तिकीट घेऊन फलाटावर येतात, आणि त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आता खरी मेख. पचमढीसाठी स्टेशन पिपरिया, तिथून घाटाने पन्नासेक किलोमीटर. 12 नोव्हेंबरला निघायचं ठरवलंत तर बुकिंग उघडतं 13 सप्टेंबरला, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तुम्ही गावी मखर बांधत असताना आणि फोनला एक काडी रेंज असताना. ठाण्यात थांबणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाला हे काम आधीच सांगून ठेवा, किंवा प्रवास 21-22 नोव्हेंबरवर ढकला.

आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर आत्ताच जोडा. बुकिंग उघडल्यावर सुरुवातीच्या वेळेत आधार पडताळलेल्या खात्यांनाच तिकीट मिळतं. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. रात्रभराच्या प्रवासाला ते वाचवू नका.

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, ते गणपतीतही चालू असतं. एप्रिलमध्ये पाहिलेल्या वेळा सप्टेंबरला लागू पडतीलच असं नाही.

पडद्यामागचा

प्रयोग डिसेंबरअखेर म्हणजे संहिता जूनमध्ये हातात हवी. लेखकाची लेखी परवानगी आधी. ती न घेता तालमी सुरू करणं हा हौशी मंडळींचा जुना रोग आहे. जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून संहिता ऑगस्टमध्ये पाठवा. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाची तारीख हवी असेल तर शनिवार-रविवारचा हट्ट सोडा, आणि सत्र किती तासांचं आहे, त्यात नेपथ्य लावणं-काढणं धरलंय का, ते विचारा.

14 मुलांच्या 50 मिनिटांना दहा आठवडे, आठवड्याला तीन वेळा दोन तास, एवढं पुरतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मोजलंत तर डिसेंबरचा दुसरा आठवडा येतो, मध्ये दिवाळीचा एक आठवडा बुडीत. तुमच्या दोन्ही मुलांना पचमढीला जायचंय, तर दिग्दर्शकाला तारखा आजच द्या. त्या आठवड्यात त्यांच्याशिवायचे प्रवेश बसवता येतात. आयत्या वेळी कळलं तर येत नाहीत. दिवाळीआधी पुस्तक हातातून सुटलं पाहिजे. पुस्तक हातात असलेलं मूल समोरच्याकडे बघत नाही, आणि मग हालचाली दोनदा बसवाव्या लागतात.

फ्लॅट घरी होतात. पण 8 फुटी करू नका, 7 फुटी करा. छोट्या हत्तीचा (छोट्या टेम्पोचा) हौदा साधारण 7 फूट लांब असतो. आठ फुटी फ्लॅट मागे बाहेर येतो आणि घोडबंदरच्या खड्ड्यांत त्याची कड मोडते. सोसायटीची लिफ्ट आणि जिन्याचं वळणही टेपने मोजून घ्या. सातव्या मजल्यावर बनवून खाली न उतरणारं नेपथ्य हा विनोद फार वेळा झालाय.

7 बाय 4 च्या एका फ्लॅटला 2 बाय 1 इंची बाटम (लाकडी पट्टी) साधारण 26 फूट लागतो: दोन उभे, दोन आडवे आणि मधला एक आडवा. कोपऱ्यांना 6 मिमी प्लायचे 9 इंची त्रिकोण, फेव्हिकॉल आणि पाऊण इंची स्क्रू. नुसत्या खिळ्यांवर फ्रेम हलवताना तिरकी होते. वर मांजरपाट, आधी धुवून सुकवलेला. स्टेपल मधून कोपऱ्यांकडे मारत जा आणि कापड किंचित सैल ठेवा. त्यावर फेव्हिकॉल-पाण्याचा हात बसला की ते स्वतःच ताणतं. आधीच ढोलकीसारखं ताणलंत तर बाटम वाकतो. रंग मॅट, चकचकीत रंगावर दिवे पडले की प्रेक्षकांना चित्राऐवजी डाग दिसतात. मागे तिरपा टेकू, फ्लॅटच्या दोन तृतीयांश उंचीवर, आणि त्याच्या पायावर 10 किलोची वाळूची पिशवी. रंगमंचाच्या फळ्यांना खिळे ठोकू देत नाहीत, देऊही नयेत.

आणि रंगाबद्दल: डिसेंबरमध्ये घर रंगवायला काढू नका. हॉलमध्ये सहा फ्लॅट उभे असतील.

सोपान_नोंदवही

मुलाचा पुढचा टप्पा तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार. टप्प्यांमध्ये किमान कालावधी असतो आणि तो नोंदवहीतल्या तारखा-सह्यांवरून मोजतात, शिबिराला हजेरी लावली एवढ्यावरून नाही. बहुतेक मुलं अडकतात ती इथेच. गाठी येतात, प्रथमोपचार येतो, पण वहीत सही नाही. दर महिन्याच्या शेवटच्या सभेला वही स्काउट मास्तरांपुढे ठेवायची, एवढी एक सवय लावा. मुलीचं नाव जूनमध्येच घाला. प्रवेशाची तयारी उशिरा सुरू झाली की तिचं सगळंच मागे जातं.

शिबिराच्या तारखा शाळेकडे आणि जिल्ह्याकडे असतात. 7 नोव्हेंबर स्थापना दिन आणि 22 फेब्रुवारी चिंतन दिन सोडले तर आधी गृहीत धरू नका. जुलैत शाळेला विचारा आणि रंगीत तालमीच्या आठवड्यात शिबिर पडतंय का ते तेव्हाच पाहा.

हाइकसाठी येऊर जवळचं, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. चूल आणि मुक्काम तिथे नको. स्वयंपाकाचा सराव सोसायटीच्या आवारात घ्या. पचमढीला भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, एवीतेवी जाताय तर मुलांना बाहेरून तरी दाखवा. नोव्हेंबरात तिथल्या रात्री गार असतात. ठाण्यातला पातळ स्वेटर पुरत नाही.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. 13 सप्टेंबरचं लक्षातच आलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. रंग नक्की कधी? आणि नाटकात बांबूचं मचाण आहे, ते दोरीने बांधलं तर टिकेल का?

वाटा_आणि_उतार

मेमध्ये ओलीच्या छतावर रंग नको. गच्ची दुरुस्त झाली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी लगेच निघत नाही, आणि दुरुस्ती जमली का ते एक पावसाळा गेल्यावरच कळतं. मेमध्ये पोपडे खरवडा, ओलीने वर आलेलं पांढरं मीठ कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतलं तर ते परत आत मुरतं) आणि छत उघडं ठेवा. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या. पावसानंतर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने छताला चिकटवा. 24 तासांनी छताकडच्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबायचं. दिवाळीआधी रंगारी मिळत नाहीत आणि घाई करतात. तुम्हाला जानेवारी 2027 सोयीचा.

पडद्यामागचा

इथे थोडं वेगळं मत. ज्या खोल्यांना ओल नाही त्या मेमध्येच रंगवून टाका, मुलांना सुटी असते. फक्त ओलीची बेडरूम जानेवारीवर ठेवा. शेड नंबर आणि डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा.

सोपान_नोंदवही

मचाण टिकतं, दोरी बरोबर असेल तर. चौकोनी बांधणीला ढोबळ माप: दोन्ही बांबूंच्या जाडीची बेरीज करा आणि दर इंचाला तीन फूट दोरी धरा. दोन-दोन इंची बांबूंना 12 फूट. उभ्या बांबूवर क्लोव्ह हिच गाठीने सुरुवात, तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन-तीन आवळे (आवळून घट्ट करायचे वेढे), शेवटी आडव्या बांबूवर पुन्हा क्लोव्ह हिच. मुलं वेढे छान घालतात आणि आवळे सैल सोडतात, तिथेच बांधणी डुगडुगते. चकचकीत नायलॉन बांबूवर घसरतो. काथ्या किंवा सुती दोरी घ्या. नवी दोरी आदल्या दिवशी ताणून ठेवा आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी आवळे पुन्हा तपासा.

चार खांब आणि चार आडवे एवढ्यावर थांबू नका. तीन बाजूंना तिरपा बांबू हवा, नाहीतर सगळी चौकट एका कुशीवर कलते. मूल त्यावर चढणार असेल तर बसायची उंची दोन फुटांच्या आत ठेवा आणि ठाण्याच्या हवेत महिनाभर ठेवलेल्या बांबूला भोकं पडलीत का ते ठोकून बघा. बुडांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, रंगमंचावर सरकत नाही.