मदत हवी: सीएनसी राउटरला घरगुती कंट्रोल पॅनल, इमर्जन्सीने नेमकं काय तोडायचं?

सुतारपक्षी:
मंडळी नमस्कार. डिचोलीत आमची सुतारकामाची शेड आहे. देव्हारे, दारांच्या चौकटी, आणि चवथ जवळ आली की मखरांची घाई. संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारा तीन अक्षांचा राउटर घरीच जोडलाय: आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोल बोर्डावर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटर, त्यांना वीज देणारे ड्रायव्हर, आणि व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) दीड किलोवॅटचा स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर. मशीनची तक्रार नाही, वैताग लॅपटॉपचा. सागवानाचा बारीक भुसा कीबोर्डात जातो, पावसात ओल धरून तिथेच चिकटतो. बाबा तर माउसला हात लावायला तयार नाहीत. "बटण दाबलं की थांबलं पाहिजे," एवढीच त्यांची मागणी, आणि ती रास्त आहे.

म्हणून ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं उतरत्या तोंडाचं पॅनल करतोय. २२ मिमीची बटणं: सायकल स्टार्ट (काम सुरू), फीड होल्ड (काम तात्पुरतं थांबवणं), रीसेट, शिवाय लाल मशरूमवाली इमर्जन्सी. रीसेट, होल्ड, स्टार्ट उनोच्या ए०, ए१, ए२ पिनांवर थेट मिळतात, तिथवर ठीक. पण दोन मीटर वायर टाकून बटणं जोडून पाहिली, तर स्पिंडल सुरू होताच होल्ड आपोआप लागतो. दुसरं, इमर्जन्सीने नेमकं काय तोडायचं, ड्रायव्हरची वीज, व्हीएफडीची, की फक्त ए० पिनला सांगायचं? शिवाय अक्ष हाताने सरकवायचं १०० पल्सचं चाक, म्हणजे हँडव्हील, बसवायची हौस आहे.

रिले_चोवीस:
होल्डचं आधी. उनोच्या आतला पुल-अप (पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदीच लेचापेचा. दोन मीटर वायर व्हीएफडीशेजारी म्हणजे अँटेनाच. बोर्डाजवळ प्रत्येक पिनला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. बटणांना शील्डेड केबल घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. स्पिंडलची केबलही शील्डेड हवी, तिचं शील्ड मात्र दोन्ही टोकांना. दोन्ही केबली एका पट्टीतून नेऊ नका. एवढ्यावर भागलं नाही तर पॅनल २४ व्होल्टवर घेऊन मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) टाका.

आता इमर्जन्सी. ए० पिनला सांगणं म्हणजे विनंती करणं. सॉफ्टवेअर अडकलं असेल तर ती ऐकणार कोण? मशरूमचा एनसी काँटॅक्ट (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्टरच्या (विजेवर लागणारा-सुटणारा मोठा स्विच) कॉइलमध्ये मालिकेत घाला आणि त्या कॉन्टॅक्टरने ड्रायव्हरची वीज तोडा. एसएमपीएसच्या (ड्रायव्हरना डीसी देणारा पॉवर सप्लाय) आधी तोडलंत तर कपॅसिटरमधल्या साठ्यावर मोटर क्षणभर चालते. नंतर तोडायचं तर डीसी रेटिंगचा कॉन्टॅक्टर लागेल. मशरूमला दुसरा काँटॅक्ट ब्लॉक लावून तो व्हीएफडीच्या स्टॉप टर्मिनलवर न्या. व्हीएफडीची मेन वीज तोडली तर स्पिंडल आपल्या गतीनेच फिरत राहतो. टर्मिनलवरून रॅम्प लावून, म्हणजे वेग ठरवून उतरवत, लवकर थांबतो.

म्हापशाचा_मिस्त्री:
पात्रांव, मधेच लाईट गेली तर काय होतं, ते कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे पावसात हा रोजचा खेळ. ड्रायव्हर मेले, पण लॅपटॉप बॅटरीवर, आणि उनोला वीज यूएसबीतून. म्हणजे जीआरबीएल आपल्या मनात नक्षी कोरतच राहतो. लाईट आली की मोटर जाग्या होतात आणि स्पिंडलही चालू झाला तर बिट भलत्याच जागी लाकडात घुसतं. कॉन्टॅक्टरला सेल्फ-होल्ड द्या: हिरवं बटण दाबल्याशिवाय तो परत लागता कामा नये. त्याचा ऑक्झिलरी एनसी काँटॅक्ट ए० पिन आणि ग्राउंडमध्ये घाला. वीज गेली की तो मिटतो आणि जीआरबीएल रीसेट होतो. चालत्या कामात रीसेट झाला की जागा हरवते, पुन्हा होमिंग (अक्ष मूळ जागी नेऊन शून्य ठरवणं) करावं लागतं. पण लाकूड वाया जाण्यापेक्षा ते परवडलं.

सुतारपक्षी:
ही शक्यता डोक्यातच आली नव्हती. मग बाबांनी रोजचं थांबवायला कुठलं बटण दाबायचं? आणि ड्रायव्हरची वीज गेली की झेड (वर-खाली जाणारा अक्ष) खाली येईल का? बॉलस्क्रू (आत गोळ्या असलेला, सहज फिरणारा स्क्रू) आहे.

रिले_चोवीस:
रोजचं थांबवायला फक्त होल्ड. त्यात मशीन वेग कमी करत थांबतं, जागा हरवत नाही, स्टार्ट दाबलं की तिथूनच पुढे. मात्र होल्डमध्ये स्पिंडल फिरतच राहतो. बिटाजवळ हात घालायचा तर आधी तो बंद करा, हे बाबांना पक्कं सांगा. बॉलस्क्रू असेल तर झेड सरकू शकतो, कारण स्टेपरची पकड विजेवरच. ब्रेकवाली मोटर किंवा वजन तोलणारी स्प्रिंग बघा. साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू असता तर बहुधा जागेवर राहिला असता.

हँडव्हीलचा हट्ट सोडा. उनोवर ते थेट लागत नाही. लॅपटॉपला कीबोर्ड म्हणून दिसणारा प्रो मायक्रो नावाचा आणखी एक छोटा बोर्ड बसवायचा, त्याने सेंडर प्रोग्रामला (लॅपटॉपवरून उनोला हुकूम पाठवणारा) कळा द्यायच्या, आणि एवढं करून चाक फिरवल्यावर अक्ष मागून रेंगाळत येतो. त्याच प्रो मायक्रोवर सहा जॉग बटणं (अक्ष मागे-पुढे सरकवायची) लावा, बाबांना तीच सोयीची.

सुतारपक्षी:
पटलं, चाक बाद. एकच राहिलं: बाबा डावखुरे, मी उजवा. मशरूम कुठल्या बाजूला?

म्हापशाचा_मिस्त्री:
दोन बसवा. एक पॅनलवर, दुसरा बेडच्या पलीकडच्या टोकाला, दोघांचे एनसी मालिकेत. फिरत्या बिटावरून वाकून बटण गाठायची पाळी कुणावरच यायला नको.