मदत हवी आहे : व्हिडिओत पंखा उलटा का फिरतो? आणि वाचनालयातल्या मुलांना पुढे काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे ग्रंथपाल आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं ते आम्ही वाचनालयाच्या भिंतीवर पाहिलं. मुंबईच्या एका चाकरमान्यांनी दिलेला जुना प्रोजेक्टर, माझ्या फोनचं नेट आणि जमलेली अख्खी वाडी. इस्रोच्या वाहिनीवर तेव्हा एकाच वेळी ८० लाखांहून जास्त ठिकाणी प्रक्षेपण चालू होतं, असं नंतर वाचलं. आमचं त्यातलं एक, पण त्या एकासमोर साठेक माणसं बसली होती. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं तेव्हा मागच्या बाकावरच्या आजोबांनी टोपी काढून हात जोडले. ते मी विसरणार नाही.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पाच ते सहा आम्ही व्हिडिओ बघायला बसतो. पाचवी ते नववीची पंधरा-सोळा मुलं आणि चार-पाच मोठी माणसं. यंत्रं कशी चालतात, सिनेमातली दृश्यं कशी करतात, अशा विषयांचे व्हिडिओ मी आठवडाभर शोधून ठेवते. मुलं बघतात, "भारी!" म्हणतात आणि चपला घालून घरी जातात. त्यांनी बोलावं, विचारावं, भांडावं म्हणून ही बैठक सुरू केली आणि नेमकं तेच होत नव्हतं.

मागच्या रविवारी मात्र सहावीतल्या एका मुलीने आईच्या फोनवर घरातल्या छताच्या पंख्याचा व्हिडिओ काढून आणला. म्हणाली, "ताई, पंखा सुलटा फिरतोय, पण व्हिडिओत उलटा दिसतो. का?" आम्ही तो भिंतीवर लावला. खरंच उलटा फिरत होता, हळूहळू. शिवाय पाती जराशी कोयत्यासारखी वाकलेली दिसत होती. त्यावर चाळीस मिनिटं चर्चा चालली. कोणी म्हणे फोन बिघडलाय, कोणी म्हणे व्हिडिओ उलटा लावलाय. एकाने घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याच व्हिडिओत मागे भिंतीवरचं घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा बरोबर दिशेने चालला होता! म्हणजे व्हिडिओ उलटा लावलेला नाही, हे मुलांनी स्वतः सिद्ध केलं. पुढचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. रविवारी सांगते असं कबूल करून बसले आहे.

तर पहिली मदत ही, की पंख्याचं कोडं मुलांना कळेल असं कोणी सांगाल का? दुसरी, असं बोलतं करणारं आणखी काय दाखवता येईल? इथे रेंज बेभरवशाची असते, त्यामुळे आधी उतरवून ठेवता येईल असं हवं, आणि तेही रीतसर. बहुतेक चांगले व्हिडिओ इंग्रजीत असतात, त्याचं काय करावं हेही सांगा. आणखी एक काळजी आहे. मोठी माणसं ग्रुपवर आलेले व्हिडिओ दाखवायचा आग्रह धरतात आणि त्यातले काही मला खोटे वाटतात. सगळ्यांसमोर त्यांचा मान न दुखावता ते कसं हाताळू?

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर काम करतो, त्यामुळे राहवलं नाही.

व्हिडिओ म्हणजे सलग चित्र नाही, भराभर काढलेल्या फोटोंची चळत आहे. फोन साधारणपणे सेकंदाला ३० फोटो काढतो. दोन फोटोंच्या मधे पंख्याने काय केलं ते फोनला माहीतच नसतं. आता समजा पंखा मिनिटाला ३६० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ६. दोन फोटोंच्या मधे तो ७२ अंश पुढे जातो. पण पंख्याला तीन सारखी पाती आहेत, १२० अंशांवर एकेक. पहिल्या फोटोत जिथे एक पातं होतं, तिथपासून दुसऱ्या फोटोत एक पातं ७२ अंश पुढे आहे आणि त्याच्या मागचं पातं फक्त ४८ अंश मागे आहे. पाती एकसारखी असल्यामुळे कोणतं कुठलं ते डोळ्याला कळत नाही. तो जवळची जोडी लावतो आणि आपल्याला वाटतं, पातं ४८ अंश मागे सरकलं. म्हणून पंखा उलटा दिसतो.

हे पाठ करून सांगण्यापेक्षा करून दाखवा. भर दिवसा, उजेडात करा. अंधारात फोटो फरफटतात आणि नीट दिसत नाही. पंख्याचा वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांवर आला की दोन फोटोंत बरोबर ६० अंशांचा फरक पडतो. तेव्हा पुढचं आणि मागचं पातं सारख्याच अंतरावर असतं, डोळ्याला कौल देता येत नाही आणि सहा पाती लुकलुकल्यासारखी दिसतात. वेग त्याहून कमी केलात की पंखा सुलटा दिसायला लागेल. रेग्युलेटर हळूहळू कमी करत हे तिन्ही टप्पे मुलांना शोधू दे. एका पात्याला रंगीत कागद चिकटवा (पंखा बंद करून, मोठ्या माणसाने!) आणि फक्त त्या कागदावर नजर ठेवायला सांगा. तो उलटा जाताना दिसणार नाही, कारण आता एक पातं ओळखू येतं.

वाकलेल्या पात्यांचं कारण वेगळं आहे, दोन्ही गोष्टी मिसळू नका. फोनचा कॅमेरा अख्खं चित्र एका झटक्यात टिपत नाही. तो एकेक ओळ वाचत एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून पात्याचं एक टोक जुन्या जागी आणि दुसरं नव्या जागी दिसतं. मुलांना सांगा, धावत्या एसटीचं चित्र वरून खाली एकेक पट्टी करत काढायला घेतलं तर बस तिरकीच होणार.

प्रतिसाद २ (मुंबई)

मी संकलनाचं काम करते. ताई, तुमच्याकडे तंत्रज्ञान आणि करमणूक एकत्र आलेली आहे, तर सिनेमातल्या जुन्या करामतींपासून सुरुवात करा. त्या दहा मिनिटांत समजतात आणि घरी करून बघता येतात.

फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस मुळात जादूगार. पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला आणि पुन्हा चालू झाला. पडद्यावर पाहिलं तर बसच्या जागी एकदम शववाहिनी आली होती, अशी आठवण तो सांगत असे. त्यातून माणूस गायब करण्याची युक्ती त्याला गवसली. तुमच्या मुलांना फोन पुस्तकांच्या चळतीवर घट्ट ठेवायला सांगा. एक मुलगा उडी मारेल, चित्रण थांबवायचं, तो बाजूला होईल, बाकीचे जागचे हलणार नाहीत, पुन्हा चालू करायचं. दोन्ही तुकडे जोडले की मुलगा हवेत नाहीसा! फोन केसभर हलला तरी जादू फसते, हे त्यांना स्वतःलाच कळेल.

आणि दादासाहेब फाळक्यांचं नक्की सांगा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, एवढं शाळेत शिकवतात. पण त्याआधी पैसे उभे करताना फाळक्यांनी काय दाखवलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. कुंडीत वाटाणा पेरून, महिन्याहून जास्त काळ त्याची रोज थोडी थोडी चित्रं घेऊन त्यांनी 'अंकुराची वाढ' नावाचा छोटा चित्रपट केला. रोपटं मिनिटभरात उगवताना पाहून लोक पैसे लावायला तयार झाले. एक दाणा, एक कॅमेरा आणि धीर! माझ्या कामाची सुरुवात तिथे झाली असं मी मानते.

हे तुमच्याकडे सहज होईल. कोकणात आहात, तर वाल पेरा. फोनला दर १० मिनिटांनी एक फोटो काढायला लावा. दिवसाला १४४, पाच दिवसांत ७२०. सेकंदाला २४ या वेगाने लावले की तीस सेकंदांचा चित्रपट तयार. उजेड सारखा राहावा म्हणून खिडकी बंद आणि एक दिवा कायम चालू ठेवा.

प्रतिसाद ३ (नाशिक, माध्यमिक शिक्षक)

चर्चा होत नाही कारण आपण व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवतो, हा माझा अनुभव. उत्तर दिसल्यावर मुलं कशाला बोलतील? मी निम्म्यात थांबवतो. १९७१ साली अपोलो १५ या चांद्रमोहिमेतल्या अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडली. मी सोडण्याच्या आधी थांबवतो आणि प्रत्येकाला वहीत लिहायला लावतो : आधी काय पडेल आणि का? वर्गात दोन तट पडतात. मग पुढचे काही सेकंद. दोन्ही एकत्र जमिनीला टेकतात. त्यानंतर मुलांना गप्प करावं लागतं.

नासाचे बहुतेक व्हिडिओ कॉपीराइटमुक्त असतात, उतरवून ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे फाळक्यांच्या मूकपटांचे उरलेले भाग निर्धास्त दाखवा. यूट्यूबवर शोधताना 'क्रिएटिव्ह कॉमन्स'ची, म्हणजे करणाऱ्याने इतरांना वापरायची परवानगी दिलेल्या व्हिडिओंची, चाळणी लावता येते, तीही वापरा. मराठीत हवं असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करण्याचे शेकडो छोटे व्हिडिओ केलेत, अनेक भाषांत, मराठीतही. इंग्रजी व्हिडिओचं भाषांतर यंत्राकडून घेऊ नका, फार चुका असतात. आवाज बंद करा आणि तुम्ही बोला. मूकपटांच्या काळी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारी माणसं असायची, तसं.

संगणकावर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक घर पुढे जातं, स्वल्पविरामाने मागे. तुमच्या पंख्यासाठी याच्याइतकं उपयोगी काही नाही.

ग्रुपवरच्या व्हिडिओंचं म्हणाल तर ते खोटं आहे असं आधी म्हणू नका. "काका, हे कुठलं आहे ते शोधूया," म्हणा. एक स्पष्ट चित्र थांबवून त्याचा फोटो घ्या आणि गूगल लेन्समध्ये शोधा. जुन्या पुराचे व्हिडिओ नव्या पुराचे म्हणून फिरतात, व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून फिरली आहेत. मूळ जागा सापडली की काकाच सगळ्यांना सांगतात. शोधण्याचा मान त्यांना द्या.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आमच्या पंख्याला रेग्युलेटर पाचवर उलटा, चारवर सहा पाती, तीनवर सुलटा! पुण्याच्या दादांनी लिहिलं होतं अगदी तसं. कागद लावल्यावर मुलं गोंधळली, मग एकदम आरडाओरडा झाला. ज्या मुलीने व्हिडिओ आणला होता तिने फळ्यावर तीन पाती काढून ७२ आणि ४८ सगळ्यांना समजावलं. मी फक्त खडू दिला.

हातोडा आणि पीस दाखवलं तेव्हा मोठ्यांतही दोन तट पडले. वहीत लिहायला त्यांनीही कागद मागून घेतला.

पण मला सांगायचंय ते आजोबांचं. तेच, टोपी काढणारे. पूर्णविरामाची कळ दाबून मी पंखा एकेक चित्र पुढे नेत होते, तर ते उठून भिंतीजवळ गेले. म्हणाले, लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. रीळ तुटलं की चालक खराब तुकडा कापून टाकायचा. असा एक तुकडा त्यांनी उचलून घरी नेला होता. उन्हात धरून बघितला, तर सगळ्या चित्रांत नट तसाच उभा. "मला वाटलं, ह्या चित्रातला माणूस हलतच नाही म्हणून टाकून दिलंय. आत्ता कळलं, प्रत्येकात तो एवढासाच हलला होता." बोटाने एवढासा करून दाखवलं त्यांनी. पोरांनी मग त्यांना सोडलं नाही, साडेसात वाजेपर्यंत तंबूचे प्रश्न चालू होते.

वालाचा चित्रपट अर्धाच झाला, तिसऱ्या रात्री वीज गेली आणि दिवा विझला. चौऱ्याऐंशी चित्रं काळी आली आहेत. मुलांनी ती काढायची नाहीत असं ठरवलं, वीज गेलेली दिसू दे म्हणाली. दुसरी कुंडी परवा लावली आहे.

आणि आता नवीन अडचण. वालासाठी लावलेल्या एलईडी दिव्याचा कोणीतरी व्हिडिओ काढला, तर त्यात काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. डोळ्यांना दिवा एकसारखा दिसतो. नववीतला मुलगा म्हणतो, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्याचाच हा प्रकार, आणि कॅमेरा ओळी-ओळीने वाचतो त्याच्याशी याचा संबंध आहे. मला पटतंय, पण पट्टे सरकतात का आणि एका जागी का राहत नाहीत, तिथे आम्ही अडलोय. पुण्याचे दादा, वाचत असाल तर रविवारच्या आत सांगा.