पॅनल काढून मोकळे झालात, पण फ्यूज कुठे बसवला?

ताम्हिणीकर (धागाकर्ता)

परवा एका दुचाकी-भटक्याने आपल्या चारशे सीसीच्या गाडीची छायाचित्रे टाकून एक लांबलचक लेख लिहिला. टाकीच्या बाजूची आणि रेडिएटरभोवतीची पॅनल म्हणजे गाडी पडल्यावर पैसे उकळता यावेत म्हणून कंपनीने चिकटवलेले प्लास्टिक आहे, ती कायमची काढून टाकावीत, मोकळ्या झालेल्या जागेतून फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि गरम मुठींच्या वायरी ओढाव्यात, आणि हे सगळे रविवारी सकाळी दोन तासांत उरकते, असा त्याचा मथितार्थ. फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) यांच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले होते, तेही 'हे नखरे घाबरटांसाठी' असे. खाली शेकड्याने अंगठे उमटले होते, म्हणून एवढे सविस्तर लिहायला बसलो.

दोन पावसाळ्यांपूर्वी मी मुळशीकडून माणगावला ताम्हिणी घाटातून उतरत होतो. दिवे रस्त्याकडेच्या एका दुकानात पाऊण तासात बसवून घेतले होते. त्या कारागिराने फ्यूज लावला होता, हे मान्य करतो. पण तो दिव्यापासून वीतभर अंतरावर लावला होता. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सव्वा मीटर वायर संरक्षणाविना, आणि ती हँडलच्या मानेपाशी मूळ हार्नेसला, म्हणजे कंपनीने दिलेल्या वायरींच्या जुडग्याला, चिकटून बांधलेली. प्रत्येक वळणावर हँडल फिरताना ती वायर लोखंडावर घासत राहिली आणि एका वळणावर तिचे आवरण संपले. धो धो पाऊस पडत असताना टाकीखालून धूर येतो, तेव्हा माणसाला काय वाटते ते येथे लिहिता येणार नाही. सीट उघडून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवेपर्यंत नव्या वायरीने शेजारच्या मूळ हार्नेसलाही वितळवले होते. अकरा हजार रुपये आणि सोळा दिवस गेले, आणि वॉरंटीचा विषय काढल्यावर कंपनीच्या माणसाने नुसती त्या बाहेरच्या वायरीवरची चिकटपट्टी दाखवली.

फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका उपयोगी, एवढे साधे तत्त्व ज्या लेखात नाही, तो लेख वाचून लोकांनी गाड्या उघडू नयेत. पॅनलांचेही तसेच आहे. लिक्विड कूल्ड, म्हणजे द्रवाने इंजिन थंड ठेवणाऱ्या, गाडीत रेडिएटरच्या बाजूचे पॅनल समोरची हवा जाळीतून आरपार जायला भाग पाडते आणि मागची गरम हवा गुडघ्यांपासून दूर वळवते. ते काढले की रेडिएटरचा पंखा अधिक वेळ फिरणार, आणि तो पंखा वीज खाणार ती तुमच्याच दिव्यांच्या वाट्याची.

बारा नंबरचा पाना

धागाकर्त्यांचा लेख दोनदा वाचला. त्यांची गाडी पॅनल काढल्यामुळे पेटली नाही; ती पेटली तेव्हा सगळी पॅनल जागच्या जागी होती. उलट पॅनल काढलेली असती, तर घासलेली वायर त्यांना धुण्याच्या दिवशीच दिसली असती. दुकानदाराच्या चुकीचे खापर बिचाऱ्या स्वहस्ते काम करणाऱ्यांच्या डोक्यावर का फोडता?

ज्याला आज जगभर लांब पल्ल्याच्या गाड्यांचा राजा म्हणतात, ती होंडा गोल्डविंग १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिच्या अंगावर एकही फेअरिंग (वारा अडवणारे आच्छादन) नव्हते. ९९९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, समोर रेडिएटर, आणि बाकी सगळे उघडे. लोकांनी अमेरिकन डिझायनर क्रेग व्हेटरचे विंडजॅमर फेअरिंग आणि पेट्या स्वतः बसवल्या, हवे ते दिवे जोडले, आणि १९८० मध्ये होंडाने तेच सारे अंगावर चढवून इंटरस्टेट नावाची आवृत्ती विकायला काढली. म्हणजे टूरिंग गाडी घडवली ती पाना हातात घेतलेल्या गिऱ्हाइकांनी, आणि आज त्याच जमातीला तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे करता.

पंख्याचे म्हणाल तर तो फिरतो गर्दीत आणि रेंगाळत्या चढावर, जिथे समोरून वारा नसतोच. वाराच नसेल तर पॅनल वळवणार काय?

माझी गोष्ट हिमाचलमधल्या बातल आणि लोसर यांच्या मधली आहे. कुंझुम खिंडीच्या अलीकडे नाल्यात गाडी आपटली आणि बंद पडली. मी घरी सहा वेळा तिची पॅनल काढलेली असल्याने स्टँड उघडा असताना इंजिन बंद पाडणारा साइड स्टँडचा स्विच कुठे आहे आणि त्याचा कनेक्टर कोणत्या पॅनलमागे आहे हे ठाऊक होते. पंचवीस मिनिटांत गाडी चालू झाली. सोबतच्या मित्राच्या गाडीला वॉरंटी होती, म्हणून त्याने एकही बोल्ट कधी सैल केला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये गाडी घालून मनालीला परतला.

ताम्हिणीकर

गोल्डविंगचा इतिहास सोयीने अर्धा सांगितलात. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली, तिचे फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवले होते. फेअरिंग हा शोभेचा भाग नाही हे तेव्हापासून ठाऊक आहे. शिवाय उघडी म्हणून आखलेली गाडी आणि आच्छादित म्हणून आखलेली गाडी नंतर उघडी करणे, यांत फरक आहे. घराला भिंती नसणे वेगळे आणि असलेल्या भिंती पाडणे वेगळे.

ओहमचा नियम

दोघेही आवेशात आहेत, म्हणून थोडे अंकगणित. चाळीस वॅटचे दोन एलईडी दिवे, पंचेचाळीस वॅटच्या गरम मुठी आणि अठरा वॅटचा चार्जर यांची बेरीज १४३ वॅट. साडेतेरा व्होल्टला हा प्रवाह साडेदहा अँपिअरच्या आसपास जातो. तुमच्या गाडीचे स्टेटर (इंजिनावर वीज बनवणारा भाग) एवढे शिल्लक देते का, हे लेख वाचून कळत नाही. मल्टिमीटर लावून कळते. सगळे चालू ठेवून इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर न्यावे आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहावे. ते तेराच्या खाली रेंगाळत असेल, तर तुम्ही बॅटरी खात आहात. आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तीन अँपिअरची तूट भरायची म्हटली, तर कागदावर दोन तास चाळीस मिनिटे मिळतात, आणि प्रत्यक्षात स्टार्टर त्याच्या बऱ्याच आधी कण्हू लागतो.

मात्र जादा दिव्यांनी इंजिनावर भार येतो आणि मायलेज कोसळते, ही भीती बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत फुकाची आहे. शंट पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागात) स्टेटर तसाही पूर्ण वीज बनवत असतो आणि नको असलेली वीज उष्णता म्हणून वाया जाते. ती दिव्यात गेली तर बिघडले काय? त्या रेग्युलेटरला हवा लागते, एवढे लक्षात ठेवावे. त्याच्या पुढ्यात पेटी किंवा दिव्याची पट्टी बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि रिले हा नखरा नाही. मुठीवरच्या चिमुकल्या स्विचमधून दहा अँपिअर नेण्याऐवजी ८५ आणि ८६ या पिनांमधून रिलेच्या गुंडाळीपुरता किंचित प्रवाह न्यायचा आणि मोठा प्रवाह ३० कडून ८७ कडे जाऊ द्यायचा, एवढेच ते काम आहे.

जुना सारथी

मी एकतीस वर्षे अवजड गाडी चालवली. तुमच्या फ्यूजशी मला कर्तव्य नाही. कुंभार्ली घाटात रात्री वर येणाऱ्या एका दुचाकीच्या कपाळावर चार सूर्य असतात, आणि आम्हाला दरीची कड दिसेनाशी होते. तुम्हाला रस्ता उजळ दिसावा म्हणून समोरच्याने आंधळे व्हावे, हा कोणता न्याय? दिवे बसवताना त्यांचे तोंड कुठे आहे हे एकाही पठ्ठ्याने भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिलेले नसते. या धाग्यात एवढी विद्वत्ता सांडली, पण त्यावर अवाक्षर नाही.

बारा नंबरचा पाना

काका, तुमच्याच व्यवसायबंधूंच्या ट्रकवर टपावर दिव्यांची माळ असते, ती कोणाच्या डोळ्यांसाठी? कंपनीचा हेडलाइट पावसात दहा पावलांपलीकडे दाखवत नाही म्हणून माणूस दिवे लावतो. हौस म्हणून नव्हे. आणि माझे दिवे पिवळे आहेत. पिवळा प्रकाश धुक्यात कमी विखुरतो, हे शाळेत शिकवतात.

ओहमचा नियम

शाळेत शिकवतात ते आकाश निळे का दिसते याबद्दल, आणि ते हवेच्या रेणूंना लागू आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते निळा आणि पिवळा जवळपास सारखाच उधळतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना सुसह्य वाटतो, तो मुद्दा वेगळा. धुक्यात खरा फरक पडतो तो दिवा खाली बसवल्याने आणि झोत रुंद, आडवा आणि वरून कापलेला असल्याने.

सह्यवाटा

मी पावसाळ्यात आंबोलीला दरवर्षी जाते आणि या विषयावर पुस्तकापेक्षा माझ्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवते. पांढरे दिवे लावले तेव्हा समोर दुधाची भिंत उभी राहत असे. पिवळे लावल्यापासून रस्त्याची पांढरी पट्टी दिसते. थेंबांचे आकारमान घाटात मोजत बसायला मला सवड नसते.

ओहमचा नियम

ताई, पिवळे लावताना ते पांढऱ्यांच्याच जागी, त्याच उंचीवर लावले होते का?

सह्यवाटा

नाही, क्रॅश गार्डवर खाली लावले. आपण काय सुचवत आहात ते कळले, आणि तसे असेलही. परंतु प्रत्येक अनुभवाला प्रयोगशाळेच्या पाटावर बसवण्याची ही सवय फार कंटाळवाणी आहे. मूळ विषयावर मला एवढेच म्हणायचे आहे की पॅनल काढणे शिकावे आणि परत लावणेही शिकावे. माझ्या वडिलांनी शिकवलेला क्रम असा, की सीट काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची; कारण पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून फ्रेमला टेकला तर ठिणगी पडते, आणि निगेटिव्ह आधी सुटली असेल तर काही होत नाही. लावताना उलट क्रम. रबरी ग्रोमेटात (छिद्रातल्या रबरी कड्यात) अडकलेले पॅनल हिसडण्याऐवजी साबणाचे पाणी सोडावे. या धाग्यावरच्या वीरांपैकी अर्ध्यांनी पॅनलची ती अडकवायची कानशिले हिसडूनच तोडली असतील, आणि मग 'कायमची काढून टाका' हे तत्त्वज्ञान सुचले असेल.

नेकारकाठ

मी जर्मनीत, नेकार नदीकाठच्या श्टुटगार्टला राहतो. येथे सुटा भाग मान्यतापत्राशिवाय बसवला, तर तो तपासणी संस्थेकडून तपासून घेऊन गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो, अन्यथा गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच धोक्यात येते. त्यामुळे हा वादच उद्भवत नाही. भारतातही गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येणार नाही असे बजावले आहे, याची आठवण करून देतो.

बारा नंबरचा पाना

धन्य आहे आपली. तिकडे नदीकाठी बसून आम्हाला कलमे वाचून दाखवायला खर्च येत नाही. कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांबद्दल बोलते. माझ्या प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, रंग, इंधन, वजन अशा नोंदी आहेत. मोबाइल चार्जर कोणत्या रकान्यात येतो तेवढे दाखवा, उद्याच काढून ठेवतो.

नेकारकाठ

चार्जर कुठेच येत नाही. पण आपण चर्चेत सांगितले ते चार्जर नव्हे, तर अर्धी गाडी सोलून काढणे. तरीही चार्जरपुरता मुद्दा सोडून देतो.

ताम्हिणीकर

'पाना' यांना एक सरळ प्रश्न विचारून मी थांबतो. आपल्या स्वतःच्या गाडीत बॅटरीपासून फ्यूजपर्यंत किती वायर आहे? आणि जोड सोल्डरचे (धातू वितळवून केलेले) आहेत की क्रिंपचे (दाबून बसवलेले)? सोल्डर वायरीच्या तारांमध्ये चढून तिला ताठ करते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच ती गाडीच्या थरथरीने तुटते, हे आपल्याला माहीत असेलच.

बारा नंबरचा पाना

प्रश्न खोचक होता, म्हणून काल सीट उघडली. टेप लावून मोजले: अडतीस सेंटिमीटर. जोड सोल्डरचे होते, आणि त्यांपैकी एकाची अर्धी तार तुटलेली होती. दोन्ही गोष्टी बदलल्या. फ्यूज आता पॉझिटिव्ह टोकापासून चार बोटांवर आहे, पंधरा अँपिअरचा, कारण वायर दीड चौरस मिलिमीटरची आहे. आपला विजय झाला असे वाटत असेल तर तो फ्रेम करून भिंतीला लावावा. पॅनल मी परत लावणार नाही.

ताम्हिणीकर

फ्रेम करण्याइतका आनंद झालेला नाही, कारण मीही काल रेडिएटरचे पॅनल पहिल्यांदाच स्वतः काढले. आत वाळलेली पाने, चिखल आणि एक मेलेले फुलपाखरू निघाले; जाळीचा एक कोपरा पूर्ण बुजलेला होता. पंखा अधिक वेळ का फिरतो याचा शोध मी वर्षभर पॅनलच्या बाहेरून घेत होतो. हे मान्य करणे जड जाते, पण करतो. परत लावताना मात्र दोन प्लास्टिक क्लिपा तुटल्या. सुट्या मिळतात का?

बारा नंबरचा पाना

मिळतात, पाकिटाने घ्याव्या लागतात. छिद्राचा व्यास कॅलिपरने मोजून मगच घ्या, अंदाजाने घेतलेली क्लिप घाटात सांडते. आणि पुढल्या वेळी मधली पिन आधी आत दाबा, मग क्लिप ओढा. आपण बहुधा ती पेचकसाने उचकटली असणार.

जुना सारथी

क्लिपांचे जुळले, हे उत्तम झाले. दिवे खाली वळवले की नाही, याचे उत्तर तुम्हा दोघांपैकी कोणी अजून दिलेले नाही.