पुरुषांचा स्तनाचा कॅन्सर : किमोचे दिवस कसे काढलेत?

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक. त्यामुळे किमोच्या दिवशी बाकावर आजूबाजूला सगळ्या बायका आणि मला हमखास प्रश्न, "पेशंट कुठे आहे?" मी फोंड्याचा. ऑपरेशननंतर किमो झाला. औषधांचं डॉक्टर सांगतातच. दोन डोसांमधले दिवस घरात कसे गेले ते लिहा. घरच्यांनीही लिहा.

माझं सांगतो. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. नर्सने आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर रक्तच समजलो असतो. मळमळ गोळीने आटोक्यात राहिली, पण चव गेली. स्टीलच्या चमच्याने घास लोखंडी लागायचा, म्हणून प्लॅस्टिकचा आणला. शेजारी बांगडे तळायला घेतले की आमच्या खिडक्या बंद. गोंयकाराला याहून मोठी शिक्षा नाही! पेज आणि सोलकढी उतरायची. तोंड आलं की सोलकढीही झोंबते, तेव्हा नुसती पेज.

म्हापशाहून
ह्यांना टक्कल आधीपासूनच, त्याचं काही वाटलं नाही. मिशी गळाली तेव्हा मात्र आरशासमोर जाईनात. आमचा घोर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या तळाला जातात, आणि नेमकी तेव्हाच चवथ आली. घर पाहुण्यांनी भरलेलं. ह्यांना आतल्या खोलीत बसवलं, आरती दारातूनच. सासूबाई रागावल्या, रागावू देत. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रात्री १०१ दिसला तशी गाडी काढून बांबोळीचं हॉस्पिटल गाठलं. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. तेव्हापासून फाईलची पिशवी दाराच्या खिळ्यालाच.

मडगाव
बद्धकोष्ठता! उलटीच्या गोळ्यांनीही होते आणि बोलायला सगळे लाजतात. पपईने माझं भागलं नाही. औषध मिळतं, मागा.

डिचोलीचा तबलजी
पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर बोटांच्या टोकांना मुंग्या, मग बधिरपणा. बोट तबल्याच्या मधल्या शाईवर पडतंय की कडेच्या चाटेवर, कळेना. शर्टाचं वरचं बटण बायको लावायची. किमोत असं व्हायचंच म्हणून गप्प बसू नका. मी सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस कमी केला. पायही बधिर, त्यामुळे अनवाणी चालणं बंद. रात्री झोपताना तळवे नीट बघायचे, कापलेलं कळतच नाही. आता हात बराच सुटलाय. भजनाचा संथ ठेका जमतो, द्रुत अजून नाही.

साखळीहून
किमो संपला तरी हार्मोनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी आहेच, कारण बहुतेक पुरुषांची गाठ हार्मोनवर पोसलेली असते. मध्येच अंगातून वाफा येतात, रात्री बनियन घामाने चिंब. बायकोचेही पाळी जायचे दिवस. एका पंख्यावरून दोघांची भांडणं. मेहुण्याने गुळवेलीचा काढा आणून दिला होता. डॉक्टर म्हणाले, विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका. वेल परसातच राहिली. बहिणी आणि मुलगी आहेत म्हणून बीआरसीए जनुकांची, म्हणजे हा कॅन्सर घराण्यातून आलाय का याची, तपासणी मात्र करून घेतली.

एक विचारायचंय. पॅक्लिटॅक्सेलने काळी पडलेली नखं कुणाची पूर्ववत झाली का? माझ्या अंगठ्याचं अजून अर्धं उचललेलंच आहे, लुंगीत अडकतं.