मदत हवी आहे : ओपनएसएसएलच्या स्टोअरमधून किल्ली आणि सर्टिफिकेटे वाचताना लूप मध्येच थांबतो

नमस्कार. सी भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रॅमचा टीएलएसचा (नेटवर्कवरचे संभाषण सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलचा) भाग मी ओपनएसएसएल ही क्रिप्टोग्राफीची लायब्ररी वापरून नव्याने लिहीत आहे आणि गेले चार दिवस एकाच ठिकाणी अडकलो आहे. ‘की’ असे लिहिले तर ते अव्यय आहे की क्रिप्टोग्राफीतली वस्तू, असा वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून मी सरसकट ‘किल्ली’ म्हणणार आहे. फंक्शनांची नावेही ‘ओएसएसएल’ हा उपसर्ग गाळून लिहीत आहे.

माझ्याकडे एकच पेम फाइल (किल्ल्या आणि सर्टिफिकेटे मजकुराच्या रूपात ठेवणारी) असून तिच्यात चार ब्लॉक या क्रमाने आहेत: सर्व्हरचे स्वतःचे सर्टिफिकेट, त्याची पासवर्डने बंद केलेली खासगी किल्ली आणि त्यामागे दोन इंटरमीजिएट, म्हणजे साखळीतली मधली, सर्टिफिकेटे. जुना कोड ही फाइल दोनदा उघडत असे, एकदा किल्लीसाठी आणि एकदा सर्टिफिकेटांसाठी. पेम वाचणारे जुने फंक्शन हवा तो ब्लॉक सापडेपर्यंत मधले ब्लॉक निमूटपणे ओलांडून जाते, त्यामुळे क्रमाचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. ओपनएसएसएलच्या १.१.१ या आवृत्तीपासून मिळणारे स्टोअर मात्र एकाच फेरीत जे सापडेल ते हाती देते आणि वस्तू कोणत्या प्रकारची आहे हेही सांगते, म्हणून मी सगळा कोड त्यावर नेला. आता स्टोअर_ओपनने फाइल उघडतो, स्टोअर_लोड नल (रिकामा पॉइंटर) परत देईपर्यंत लूप चालवतो आणि शेवटी स्टोअर_क्लोज करतो. पासवर्ड मी पूर्वीप्रमाणेच दिला आहे, म्हणजे कॉलबॅकच्या (पासवर्ड मागण्यासाठी लायब्ररी उलट बोलावते त्या आपल्या फंक्शनच्या) जागी नल आणि त्यापुढच्या डेटाच्या जागी पासवर्डची स्ट्रिंग.

लूपमध्ये मोजणी छापली तर ती एकावर थांबते: पहिले सर्टिफिकेट मिळते आणि लगेच नल येतो. किल्लीचा ब्लॉक एडिटरमध्ये कापून फाइलच्या शेवटी नेला, तर तिन्ही सर्टिफिकेटे मिळतात, पण किल्ली तेव्हाही मिळत नाही. फाइल खराब असावी असे मला वाटत नाही, कारण जुना प्रोग्रॅम तीच फाइल आजही बिनतक्रार वाचतो. स्टोअरला एकाच फाइलमध्ये मिश्र ब्लॉक चालत नाहीत का, की माझ्याच मांडणीत चूक आहे?

याच कामातली दुसरी अडचण अशी, की लायब्ररी ३.० वर नेल्यापासून एक जुनी पीकेसीएस १२ फाइल (किल्ली आणि सर्टिफिकेटे एकत्र बांधून ठेवणारी) उघडतच नाही. एररमध्ये ‘अनसपोर्टेड’ हा शब्द आणि आरसी२-४०-सीबीसी हे नाव दिसते. पासवर्ड बरोबर आहे, हे दुसऱ्या यंत्रावरच्या जुन्या आवृत्तीने ती फाइल उघडून मी तपासले आहे.

प्रतिसाद १

मिश्र ब्लॉक स्टोअरला चालतात, किंबहुना त्यांच्यासाठीच ते आहे. आपल्या कोडमध्ये दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि पहिलीमुळे दुसरी झाकली गेली आहे.

स्टोअर_लोडने नल दिला याचा अर्थ फाइल संपली असा होत नाही. फाइल संपल्यावर नल येतो आणि एखादी वस्तू उलगडता आली नाही तरीही नलच येतो. यातले नेमके काय घडले ते स्टोअर_एरर (चूक झाली का) आणि स्टोअर_ईओएफ (फाइल संपली का) या दोघांना विचारूनच कळते. म्हणून लूपची अट नलवर न ठेवता स्टोअर_ईओएफवर ठेवावी. आत नल आला आणि स्टोअर_एररने होकार दिला तर एररच्या रांगेत जे साचले असेल ते छापून पुढच्या वस्तूकडे जावे, कारण एक वस्तू फसली तरी तिच्यामागच्या वाचता येतात. आपण किल्ली शेवटी नेल्यावर तिन्ही सर्टिफिकेटे मिळाली ती यामुळेच: लूप दोन्ही वेळा किल्लीवरच अडखळत होता, फक्त दुसऱ्या वेळी तिच्यामागे गमावण्यासारखे काही उरले नव्हते.

आता किल्ली का फसते ते पाहू. कॉलबॅक नल असेल तर पुढच्या डेटालाच पासवर्डची स्ट्रिंग समजायचे, हा संकेत पेमच्या जुन्या फंक्शनांचा आहे. स्टोअर_ओपन त्या जागी यूआय मेथड (पासवर्ड कसा मिळवायचा ते सांगणारी वस्तू) मागते, आणि ती नल ठेवली तर सोबतची स्ट्रिंग कोणीही पासवर्ड म्हणून वाचत नाही. पासवर्ड बफरमध्ये उतरवून त्याची लांबी परत देणारा चार ओळींचा कॉलबॅक लिहा, तो यूआय_यूटिल_रॅप_रीड_पेम_कॉलबॅक या लांबलचक नावाच्या फंक्शनमधून गुंडाळून घ्या, आणि मिळालेली मेथड स्टोअर_ओपनला द्या. काम झाल्यावर ही मेथड आपणच मोकळी करायची असते.

कोड बदलण्याआधी ओपनएसएसएलच्या स्टोअरयूटिल या कमांडला हीच फाइल आणि पासवर्ड देऊन पाहा. ती प्रत्येक वस्तूचा क्रमांक आणि प्रकार एकेका ओळीत छापते, पहिल्या ओळीत शून्य आणि ‘सर्टिफिकेट’, दुसरीत एक आणि ‘पीकी’ (म्हणजे किल्ली), आणि शेवटी एकूण किती सापडले तेही सांगते. तिथे चार आकडा दिसला तर फाइलवरचा संशय सोडून द्यावा. मी स्वतः अशा वेळी आधी फाइलला दोष देत बसतो आणि अर्धा दिवस घालवतो, म्हणून हे आवर्जून लिहिले.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. स्टोअरयूटिलने चार आकडा दाखवला, आणि लूपची अट व कॉलबॅक बदलल्यावर माझ्या प्रोग्रॅमलाही चारही वस्तू मिळाल्या. एररची रांग मी इतके दिवस छापतच नव्हतो, हे कबूल करायला हवे.

मात्र आता हातातली किल्ली पुढे वापरताना प्रोग्रॅम कोसळतो. लूपच्या आत गेट०_पीकीने किल्लीचा पॉइंटर घेऊन मी तो माझ्या स्ट्रक्चरमध्ये ठेवतो आणि फेरीच्या शेवटी स्टोअर_इन्फो_फ्रीने इन्फो (स्टोअर_लोड वस्तू ज्यात घालून देते ते वेष्टन) मोकळी करतो. लूपमध्ये असेपर्यंत सगळे ठीक असते.

प्रतिसाद २

उत्तर आपल्याच वाक्यात आहे. गेट० असलेली फंक्शने वस्तू फक्त दाखवतात, मालकी इन्फोकडेच राहते. त्यामुळे इन्फो मोकळी केली की किल्लीही जाते आणि आपल्या स्ट्रक्चरमध्ये मेलेला पॉइंटर उरतो. त्याजागी गेट१_पीकी आणि सर्टिफिकेटांसाठी गेट१_सर्ट वापरा. ती फंक्शने संदर्भाची मोजणी एकाने वाढवून देतात, आणि मग ती वस्तू योग्य वेळी मोकळी करणे आपल्याकडे येते. शून्य आणि एक यांतला हा फरक लायब्ररीभर सगळीकडे असाच आहे.

पीकेसीएस १२ चा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याबद्दलही लिहितो. ३.० च्या आधीच्या आवृत्त्या अशी फाइल तयार करताना सर्टिफिकेटांचा भाग बहुधा ४० बिटांच्या आरसी२ने झाकत असत. ३.० मध्ये हा सायफर (झाकण्याची पद्धत) लेगसी नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये (अल्गोरिदम पुरवणाऱ्या भागात) हलवला असून तो आपोआप चालू होत नाही. प्रोग्रॅममध्ये लेगसी प्रोव्हायडर लोड केल्यास फाइल उघडेल, पण त्यासोबत डिफॉल्ट प्रोव्हायडरही नाव घेऊन लोड करावा लागतो. एखादा प्रोव्हायडर आपण स्वतः लोड केला की डिफॉल्ट आपसूक येणे बंद होते, आणि मग आरसी२ सापडतो पण एईएससारखा नेहमीचा सायफर हरवतो.

तरीही माझे मत विचाराल तर एका जुन्या फाइलसाठी प्रोग्रॅमला कायमचा लेगसी प्रोव्हायडर जोडू नये. पीकेसीएस १२ कमांडला लेगसी हा पर्याय देऊन ती फाइल एकदा उलगडावी आणि त्या पर्यायाशिवाय पुन्हा बांधावी, म्हणजे नवी फाइल २५६ बिटांच्या एईएसने झाकली जाईल. मधल्या टप्प्यात किल्ली उघड्या स्वरूपात डिस्कवर पडणार नाही याची काळजी घ्या: उलगडतानाही तिला पासवर्ड ठेवता येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आपण उद्या पुन्हा याच धाग्यावर याल. पेम फाइलमधून वस्तू फाइलमधल्या क्रमाने येतात, पण पीकेसीएस १२ मधून आधी किल्ली येते आणि तिच्यानंतर सर्टिफिकेटे. तेव्हा ‘पहिली आलेली वस्तू ती सर्व्हरचे सर्टिफिकेट’ असे कोडमध्ये कुठे गृहीत धरले असेल तर ते काढून टाका. सगळ्या वस्तू गोळा झाल्यावर प्रत्येक सर्टिफिकेट एक्स५०९_चेक_प्रायव्हेट_की या फंक्शनने किल्लीशी ताडून पाहा. जे जुळेल ते सर्व्हरचे, उरलेली साखळीची.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

गेट१ केल्यावर कोसळणे थांबले. जुनी पीकेसीएस १२ फाइल नव्याने बांधून घेतली, तीही लेगसी प्रोव्हायडरशिवाय उघडली. पहिल्या वस्तूबद्दलचे ते गृहीतक माझ्या कोडमध्ये दोन ठिकाणी होते, ती दोन्ही आता किल्लीशी ताडून पाहतात. धागा सुटला अशी खूण करत आहे.